पंचवीस मिलिमीटरचा पेच

१९९२ पासून पाडलेला स्टीलचा रुपया, २०११ च्या मालिकेतलं दोन रुपयांचं नाणं आणि २०१९ च्या मालिकेतलं पाच रुपयांचं नाणं एकावर एक ठेवलं, की तिन्हींच्या कडा तंतोतंत जुळतात. तिन्हींचा व्यास २५ मिलिमीटर. पाचाचं नाणं पिवळसर, त्यामुळे डोळ्यांना ते लगेच वेगळं कळतं. उरलेल्या दोघांचं मात्र वजनही एकच, ४.८५ ग्रॅम, आणि धातूही एकच, ८३ टक्के लोखंड आणि १७ टक्के क्रोमियमचं स्टेनलेस स्टील. एकाची किंमत दुसऱ्याच्या दुप्पट, तरी आकार, वजन आणि धातू या तिन्ही कसोट्यांवर दोघं सारखीच.

नाणी वेगळी करणारं यंत्र घरी बांधायला बसलेल्या माणसाची खरी परीक्षा ही जोडी घेते.

अशी यंत्रं जगभर हौसेनं बांधली जातात. पुठ्ठ्याची, प्लायवूडची, थ्रीडी प्रिंटरवर छापलेली. आपल्याकडे अभियांत्रिकीच्या वर्गांत आणि शाळांच्या विज्ञान प्रदर्शनांतही ती दिसतात. बहुतेकांचा पाया एकच असतो. एक उतरती पट्टी, तिच्यावरून नाणं कडेवर घरंगळत येतं आणि वाटेत खिडक्या लागतात, लहान आधी, मोठी नंतर. ज्या खिडकीत नाणं मावतं तिथं ते आत पडतं. युरोपात एवढ्यानं भागतं. युरोची आठ नाणी आहेत, १६.२५ मिलिमीटरपासून २५.७५ मिलिमीटरपर्यंत, आणि कोणत्याही दोन नाण्यांच्या व्यासात किमान एक मिलिमीटरचा फरक राखलेला आहे. तिथं व्यास मोजला की किंमत कळली.

तोच आराखडा नांदेडच्या मोंढ्यातल्या दुकानदाराच्या गल्ल्यावर चालवला, तर पहिल्या मूठभर चिल्लरीतच गोंधळ उडतो. पंचवीसच्या खिडकीत एक, दोन आणि पाच असे तिघं पडतात. तेवीसच्या खिडकीत जुने पाच रुपये आणि २०१९ चे दोन रुपये. सत्तावीसच्या आसपास २००७ च्या सुमाराचे मोठे दोन रुपये, दहाचं दोन धातूंचं नाणं आणि वीसचं बारा कोनी नाणं. बावीसच्या खिडकीत २०११ नंतरचा रुपया आणि जुने पन्नास पैसे. यांचंही वजन एकच, ३.७९ ग्रॅम, आणि धातूही तोच. आपल्या खिशात एकाच वेळी तीन-चार पिढ्यांची नाणी खुळखुळत असतात, आणि प्रत्येक पिढीनं मागच्या पिढीची मापं दुसऱ्याच किमतीला वाटून टाकलेली आहेत.

हे असं का झालं, त्याचं कारण टाकसाळीच्या हिशेबात आहे. धातू महाग होत गेला तसं नाणं लहान आणि हलकं करत नेलं. १९७५ चा तांबं-निकेलचा रुपया ८ ग्रॅमचा होता. मग ६ ग्रॅमचा आला, १९९२ मध्ये स्टीलचा ४.८५ ग्रॅमचा, २०११ मध्ये ३.७९ चा आणि २०१९ मध्ये अवघा ३.०९ ग्रॅमचा, २० मिलिमीटरचा. दोन रुपये याच वाटेनं गेले, पाच रुपयेही २०१९ पर्यंत. जुनी नाणी मात्र बाद झाली नाहीत. ३० जून २०११ रोजी चार आणे आणि त्याखालची नाणी चलनातून गेली, बाकी सगळी कायद्यानं चालतात. २०१९ ची मालिका आखताना दृष्टिहीनांचा विचार केला आणि किंमत वाढेल तसा आकार व वजन वाढेल अशी रचना केली. ती मालिका एकटी घेतली तर दहा-वीसची जोडी सोडता युरोसारखीच नेमकी आहे. पण एकटी ती कुठल्याच गल्ल्यात सापडत नाही.

नांदेड आणि लातूर या दोन शहरांत चिल्लरीला उगम पुष्कळ आहेत. नांदेडला सचखंड हुजूर साहिब आहे, शिखांच्या पाच तख्तांपैकी एक. १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंगांनी जिथं देह ठेवला तिथं महाराजा रणजितसिंगांनी १८३२ ते १८३७ च्या दरम्यान गुरुद्वारा बांधवला, आणि देशभरातून आलेला भाविक गोलकीत, म्हणजे दानपेटीत, आपापल्या गावची नाणी टाकतो. लोहा तालुक्यातल्या माळेगावला मार्गशीर्षात खंडोबाची यात्रा भरते. घोडे आणि गाढवांच्या बाजारात नोटा फिरतात, पण प्रसाद, रेवड्या, पाळणे, चहा हे सगळं सुट्ट्यांवर चालतं. लातूरला महाशिवरात्रीला सिद्धेश्वराची यात्रा. आणि बारमाही म्हणाल तर लातूरची गंजगोलाई. १९१७ मध्ये नगररचनाकार फैयाजुद्दीन यांनी आखलेली ही गोल बाजारपेठ, मध्ये जगदंबेचं देऊळ आणि चहूबाजूंना फुटणारे सोळा रस्ते. मोबाइलवरून पैसे देणं आता पानटपरीवरही चालतं, तरी देवापुढचं ताट, आठवडी बाजार आणि शेअर रिक्षा यांनी नाण्याला सोडलेलं नाही.

ही चिल्लर बँकेत भरायची, तर मोजून, वेगळी करून न्यावी लागते. शंभर नाण्यांची प्लास्टिकची पिशवी रोखपालालाही सोयीची आणि गिऱ्हाइकालाही, असं रिझर्व्ह बँकेनंच बँकांना सांगितलेलं आहे. एक आणि दोन रुपयांची नाणी वजनावरही घ्यावीत, असंही. हा वजनाचा मुद्दा किराणा दुकानदाराच्या फार कामाचा आहे, कारण इलेक्ट्रॉनिक काटा त्याच्यासमोरच असतो. रुपयाच्या २०१९ च्या शंभर नाण्यांचं वजन ३०९ ग्रॅम भरतं, २०११ च्या शंभर नाण्यांचं ३७९ आणि जुन्या स्टीलच्या शंभरांचं ४८५. म्हणजे किलोभर रुपये म्हटलं, तर ती नवी ३२३ नाणी असू शकतात किंवा जुनी २०६. न निवडलेली चिल्लर काट्यावर टाकण्यात काही अर्थ नाही. निवडलेली टाकली, तर मोजणी एका मिनिटात संपते. घरगुती यंत्राचा खरा उपयोग इथं आहे. त्यानं मोजलं नाही तरी चालेल, निवडलं पाहिजे, आणि तेही किमतीनुसार आणि पिढीनुसार.

नाणी निवडण्याचं काम या भागाला तसं नवं नाही. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत नांदेड आणि लातूर निजामाच्या राज्यात होते आणि बाजारात दोन रुपये फिरत: निजामाचा हाली आणि इंग्रजांचा कलदार. दोघांचेही सोळा आणे, पण मोल वेगळं. शंभर कलदाराला एकशे सोळा रुपये दहा आणे आठ पै हाली, म्हणजे साताला सहा असा हिशेब. लातूरला १९११ मध्ये बार्शी लाइट रेल्वेची अरुंद रुळांची गाडी आली आणि इथला माल थेट इंग्रजी मुलखात जाऊ लागला. ज्वारी, कापूस, गळिताची धान्यं हालीत खरेदी करायची आणि बार्शीच्या पेठेत कलदारात विकायची, अशा व्यवहारात प्रत्येक आडत्याला आणि सराफाला नाणं पारखता आलंच पाहिजे होतं. हाली नाण्यांवर चारमिनार असे, कलदारावर इंग्लंडच्या राजाचं डोकं. नाण्याचा आवाज ऐकायचा, कड बघायची, हातात तोलायचं, मग तोंड बघायचं. हैदराबादी रुपया १९५९ पर्यंत चालला, आणि त्याच दशकात, १ एप्रिल १९५७ ला, आणे जाऊन शंभर नव्या पैशांचा रुपया आला. काही वर्षं मराठवाड्यातल्या दुकानदाराच्या गल्ल्यात हाली, कलदार, आणे आणि नवे पैसे एकत्र पडून होते. त्यापुढे आजचा पंचवीस मिलिमीटरचा पेच किरकोळच म्हणायचा.

सराफ एका कसोटीवर थांबत नसे. यंत्रानंही थांबू नये.

आणि लातूरकराला हे शिकायला दूर जायला नको. शहराभोवतीच्या डाळमिलमध्ये तूर आली की आधी ती चाळण्यांतून जाते, चुंबकावरून जाते, म्हणजे खिळे-तारा निघून जातात, आणि भरडून झाल्यावर डाळ सॉर्टेक्सखाली जाते. तिथं कॅमेरा प्रत्येक दाणा बघतो आणि काळपट दाणा हवेच्या फुंकरीनं बाजूला उडवतो. किराणा दुकानात ‘सॉर्टेक्स डाळ’ असं लिहिलेलं असतं ते यामुळे. माप, लोखंड, रूप. नाण्यांचं यंत्र नेमकं याच तीन प्रश्नांवर उभं राहतं, फक्त क्रम जरा बदलावा लागतो: आधी धातू, मग माप आणि अगदी अडलंच तर रूप.

पण त्याआधी नाणी एकेक करून सोडावी लागतात, आणि घरी बांधलेली बहुतेक यंत्रं अडतात ती इथं. नरसाळ्यात मूठभर नाणी टाकली, की ती तोंडाशी कमान धरतात आणि गच्च बसतात. हलवलं की दोन-तीन एकदम सुटतात. यावर उत्तम उपाय म्हणजे तिरकी फिरती चकती. जाड अ‍ॅक्रिलिकची किंवा प्लायवूडची गोल थाळी, तिच्या कडेला नाण्याएवढ्या गोल खाचा, आणि सगळी थाळी जमिनीशी साधारण पंचेचाळीस अंशांत कललेली. नाणी खालच्या बाजूला ढिगात पडून राहतात, चकती हळूहळू फिरते, खाच ढिगातून जाताना एक नाणं उचलते आणि वर नेऊन पट्टीवर सोडते. खाचेचा व्यास सगळ्यांत मोठ्या नाण्यापेक्षा म्हणजे २७ मिलिमीटरपेक्षा थोडा जास्त हवा.

खोली किती हवी, हा प्रश्न जास्त नाजूक. आपला २०११ चा रुपया जेमतेम दीड मिलिमीटर जाड आहे आणि जुने नऊ ग्रॅमचे पाच रुपये त्याच्या जवळपास दुप्पट. खाच जाड नाण्याच्या मापानं खोल केली, तर तिच्यात दोन पातळ रुपये एकावर एक बसतात आणि पुढचा सगळा हिशेब चुकतो. खाच पातळ नाण्याएवढीच खोल ठेवावी. जाड नाणं तिच्यातून थोडं वर डोकावतं, पण बसतं. पातळावर चढलेलं दुसरं पातळ नाणं मात्र कलामुळे घसरून परत ढिगात जातं. ही एक गोष्ट जमली, की अर्धं यंत्र जमलं.

चकती फिरवायला चारचाकीच्या वायपरची मोटर चांगली. भंगारात मिळते, बारा व्होल्टवर चालते, सावकाश फिरते आणि ताकद भरपूर. मात्र याच ताकदीमुळे नाणं अडकलं तर ती चकतीच मोडते. म्हणून मोटर आणि चकती यांच्यामध्ये घसरणारा जोड ठेवावा: स्प्रिंगनं दाबलेले दोन फेल्टचे वॉशर पुरतात. किंवा मोटर ओढत असलेला विद्युतप्रवाह मोजावा आणि तो एकदम चढला की मोटरला अर्धा फेरा उलट फिरवावं. आर्डुइनोच्या छोट्या बोर्डावर हा कार्यक्रम दहा-बारा ओळींत होतो.

पहिला प्रश्न धातूचा. पन्नास पैसे, एक रुपया आणि दोन रुपये यांची अलीकडची सगळी नाणी चुंबकाला चिकटणाऱ्या स्टीलची आहेत. २००७ च्या सुमारास पाच रुपयेही काही काळ त्याच स्टीलचे निघाले. २००९ पासूनचे पिवळे पाच रुपये निकेल-ब्रासचे, त्यांना चुंबक ओढत नाही. घरच्या यंत्रात चुंबक पट्टीच्या मागे नुसता चिकटवून चालत नाही, स्टीलचं नाणं तिथंच बसून राहतं आणि मागची रांग तुंबते. प्लास्टिकच्या पाइपचा रूळ करून त्याच्या आत चुंबक स्थिर बसवावेत आणि रूळ फिरता ठेवावा. स्टीलचं नाणं रुळाला चिकटून पलीकडच्या बाजूला जातं आणि चुंबक संपले की सुटून पडतं. पिवळं नाणं अलीकडेच सरळ खाली येतं. डाळमिलमधल्या चुंबकाच्या ड्रमची ही लहान आवृत्ती. एवढं केलं, की २५ मिलिमीटरच्या तिघांपैकी पाच रुपये वेगळे झाले, आणि २३ मिलिमीटरच्या जोडीतले पिवळे पाच रुपये नव्या दोन रुपयांपासून सुटले.

मग माप. दोन्ही धारांना आपापली उतरती पट्टी. स्टीलच्या पट्टीवर खिडक्यांची उंची २१, साडेबावीस, चोवीस आणि सव्वीस मिलिमीटर ठेवली, तर वीस, बावीस, तेवीस आणि पंचवीसची नाणी क्रमानं पडतात आणि सत्तावीसची शेवटपर्यंत जातात. बावीस आणि तेवीस यांच्यामध्ये दोन्हीकडे अर्धाच मिलिमीटर हाताशी असतो, त्यामुळे हातकरवतीनं कापलेली खिडकी इथं कामाची नाही. नांदेडला आणि लातूरलाही नावाच्या पाट्या कापणारे लेझरवर तीन मिलिमीटरचं अ‍ॅक्रिलिक हवं तसं कापून देतात. नकाशा नेऊन द्यायचा आणि लेझरच्या रेषेची जाडी त्याला विचारून त्यातून वजा करायची. पट्टी मागच्या बाजूला किंचित कललेली हवी, म्हणजे नाणं पाठीवर रेलून चालतं. उतार फार दिला तर नाणं खिडकीवरून उडी मारून जातं, कमी दिला तर मध्येच उभं राहतं. खिडकी लांब ठेवणं हा सगळ्यांत स्वस्त उपाय.

स्टीलच्या तेवीसच्या खिडकीत दोन नाणी राहतात, २०१९ चे दोन रुपये आणि २००७ चे स्टीलचे पाच. पण एकाचं वजन ४.०७ ग्रॅम आणि दुसऱ्याचं ६. सत्तावीसच्या घरातले २००७ चे दोन रुपये ५.६२ ग्रॅमचे आणि दहाचं नाणं ७.७१ ग्रॅमचं. इथं एका बाजूला वजन लावलेली, तराजूच्या दांडीसारखी झडप पुरते. वीसचं नाणं ८.५४ ग्रॅमचं, बारा कोनांचं. ते घरंगळताना टकटकत येतं, आणि ज्याला हौस आहे त्यानं त्या आवाजावरसुद्धा ते ओळखावं.

आणि मग ती जोडी येते, एक आणि दोन रुपये, २५ मिलिमीटर, ४.८५ ग्रॅम. इथं चुंबक, खिडकी, तराजू सगळे गप्प बसतात. तोंड बघण्यावाचून इलाज नाही.

जुना मोबाइल घरोघर पडलेला असतो; त्याचा कॅमेरा या कामाला पुरतो. अडचण प्रकाशाची. स्टीलवर एकच दिवा मारला की चकाकीत आकडा दिसेनासा होतो. पांढऱ्या पारभासी प्लास्टिकच्या वाटीतून, चहूबाजूंनी पसरलेला मऊ उजेड लागतो. दुसरी अडचण अशी, की नाणं अशोकस्तंभाच्या सिंहांची बाजू वर करून पडलं, तर आकडा खाली जातो. म्हणून काचेच्या पट्टीवर नाणं क्षणभर थांबवून खालूनही बघावं, दुसरा कॅमेरा लावून किंवा आरसा लावून. तिसरी अडचण चित्रांची. आपल्याकडे दांडीयात्रा, वैष्णोदेवी, थोरांच्या शताब्द्या अशा निमित्तांनी नाणी निघतात, आणि चित्रावरून ओळखायला शिकवलेलं यंत्र नवं चित्र दिसलं की भांबावतं. त्याला चित्र शिकवू नये, आकडा शिकवावा. पाच आणि दहा रुपयांच्या नाण्यांना तर कॅमेऱ्यापुढे आणूच नये. चित्र कोणतंही असो, माप आणि धातू तेच असतात, आणि तिथं अ‍ॅक्रिलिकची खिडकी कॅमेऱ्यापेक्षा खात्रीची.

दहाच्या नाण्याची गोष्ट इथं सांगितलीच पाहिजे. काही वर्षांपूर्वी मराठवाड्यातल्या कितीतरी गावांत दुकानदार, रिक्षावाले, अगदी बसमधले प्रवासीसुद्धा ते नाणं घेईनात. ‘हे चालत नाही, मामा’ एवढं म्हणून परत करत. रुपयाचं चिन्ह असलेलं खरं आणि नसलेलं खोटं, पाकळ्या इतक्या असल्या तर खरं, अशा अफवा होत्या. रुपयाचं चिन्हच मुळी २०१० मध्ये ठरलं आणि २०११ पासून नाण्यांवर आलं; त्याआधीच्या नाण्यांवर ते असणार कुठून? रिझर्व्ह बँकेनं नोव्हेंबर २०१६ मध्ये आणि पुन्हा १७ जानेवारी २०१८ ला खुलासा केला: दहा रुपयांची तोवर चौदा प्रकारची नाणी निघाली होती आणि चौदाही चालतात. रिझर्व्ह बँकेचा १४४४० हा क्रमांक फिरवला की हेच ऐकायला मिळे. या अफवेनं हातावर पोट असलेल्यांचं नुकसान केलं. भाजीवालीच्या पदरात गिऱ्हाइकानं घातलेली दहाची नाणी पुढं कुणी घेईना. चौदाही प्रकारांचा व्यास एकच असल्यानं यंत्राला त्यांच्यात फरक दिसत नाही, आणि दुकानात असं यंत्र सर्वांदेखत चालू असतं तर ही अफवा इतकी टिकली नसती, असं वाटल्याशिवाय राहत नाही.

नाणं ओळखणारं एक यंत्र मात्र या दोन्ही जिल्ह्यांत लोकांच्या रोजच्या ओळखीचं झालं आहे, ते म्हणजे पाण्याचं एटीएम. पाचाचं नाणं टाकायचं आणि जार भरून घ्यायचा. पाण्याची किंमत लातूरला कुणी सांगायला नको. दुष्काळात, १२ एप्रिल २०१६ ला, मिरजेहून दहा टाक्यांची पहिली जलदूत गाडी पाच लाख लिटर पाणी घेऊन लातूरला आली, ती बार्शी लाइट रेल्वेच्याच जुन्या मार्गानं, आता रुंद झालेल्या रुळांवरून.

गंमत म्हणजे नाणं टाकून पाणी देणारं यंत्र हेच जगातलं सगळ्यांत जुनं नाणेयंत्र समजलं जातं. इसवी सनाच्या पहिल्या शतकात अलेक्झांड्रियाच्या हेरॉननं देवळातल्या तीर्थासाठी त्याचं वर्णन लिहून ठेवलं आहे. नाणं एका दांडीवर पडायचं, त्याच्या वजनानं दांडी कलायची, झडप उघडायची आणि नाणं घसरून जाईपर्यंत पाणी यायचं. ते यंत्र फक्त वजन विचारत होतं. आजच्या पेटीत तारेची वेटोळी असतात. त्यांच्यामधून नाणं पडताना विजेच्या लहरीत जो फरक पडतो तो धातू आणि आकार दोन्ही सांगतो, आणि पेटी तो फरक आपल्या आठवणीतल्या किंवा आतच अडकवून ठेवलेल्या नमुन्याच्या नाण्याशी ताडून बघते. २३ मिलिमीटरचं पिवळं नाणं नमुना म्हणून ठेवलेल्या पेटीला २०१९ चं २५ मिलिमीटरचं नाणं परकंच वाटणार. टाकलेलं नाणं खालच्या खाचेतून परत आलं, की रांगेतला माणूस ते पुसून पुन्हा टाकतो. दोष नाण्याचा नसतो, नमुना बदलायचा राहिलेला असतो. या पेट्या सुट्या विकत मिळतात. घरच्या यंत्रात कॅमेऱ्याचा खटाटोप नको असेल त्यानं त्या जरूर वापराव्यात. मात्र वेटोळ्यांनाही ४.८५ ग्रॅमच्या त्या जोडीत विश्वासानं भेद करता येत नाही.

बांधून झालं की काम संपलं, असं वाटतं. बांधणं आठवडाभराचं असेल, तर राखणं बारा महिन्यांचं.

मराठवाड्यात यंत्राचा पहिला शत्रू धूळ. काळ्या मातीची पिठासारखी धूळ नाणं आल्याचं टिपणाऱ्या सेन्सरच्या डोळ्यावर बसते आणि यंत्राला प्रत्येक क्षणी नाणं आल्याचा भास होतो. इन्फ्रारेड सेन्सरवर दुपारचं ऊन तिरपं आलं तरी हेच होतं, म्हणून त्यांना काळ्या नळीची टोपी घालावी. यात्रेची किंवा देवळातली चिल्लर असेल तर कुंकू, भंडारा, तेल आणि निरांजनाची काजळी नाण्याला चिकटून येते. हळद आणि तेल एकत्र झाले की त्याचा चिकट लेप पट्टीवर बसतो आणि नाणं खिडकीशी येऊन थबकतं. अशी नाणी आधी कोमट साबणाच्या पाण्यात धुऊन, फडक्यावर पूर्ण वाळवूनच टाकावीत. पट्टीला तेल लावून गुळगुळीत करण्याचा मोह आवरावा. तेलावर धूळ बसून पंधरवड्यात त्याची खरवड होते. पट्टी कोरड्या, मऊ कापडानं पुसावी आणि घसरण कमी वाटली तर चिमूटभर ग्राफाइटची पूड. ही पूड वीज वाहून नेते, म्हणून ती बोर्डाच्या आसपास सांडू देऊ नये.

उन्हाळा वेगळ्या तऱ्हेनं छळतो. पत्र्याच्या खोलीत मे महिन्यात ग्लूगननं चिकटवलेले जोड मऊ पडतात आणि खिडकीची पट्टी नकळत खाली सरकते. जिथं माप महत्त्वाचं तिथं गोंद नको, स्क्रू आणि नट हवेत. पावसाळ्यात एमडीएफ ओल धरून फुगतं. त्याच्या कडांना वार्निशचे दोन हात द्यावेत, नाहीतर सरळ अ‍ॅक्रिलिक वापरावं. वीज जाते-येते तेव्हा चकतीवरची नाणी अर्ध्या वाटेत थांबतात, आणि वीज परत आल्यावर यंत्र आपण शून्यापासून सुरू करतोय असं समजतं. म्हणून चालू होताच मोजणीआधी चकतीचा एक पूर्ण फेरा रिकामा फिरवून पट्ट्या मोकळ्या करायची सवय त्याला लावून ठेवावी.

चुंबकाच्या रुळावर लोखंडाची बारीक भुकटी जमते. चिकटपट्टी दाबून उचलली की निघून येते. खिडक्यांच्या कडा नाण्यांनीच झिजतात. हजारो नाणी गेल्यावर साडेबावीसची खिडकी पावणेतेवीस होते आणि मग एखादं तेवीसचं नाणं बावीसच्या डब्यात दिसू लागतं. झिजलेली नाणीही असतात, त्यांचा व्यास दशांश मिलिमीटरनं कमी भरतो. यासाठी प्रत्येक प्रकारचं एकेक चांगलं नाणं नमुना म्हणून वेगळ्या डबीत ठेवावं आणि महिन्यातून एकदा तो सगळा संच यंत्रातून सोडून बघावा. मापाच्या तपासणीसाठी नाणी घासणं किंवा त्यांना भोकं पाडणं नको. २०११ च्या नाणे कायद्यानं नाणं नष्ट करणं हा गुन्हा आहे. लेझरवाल्याकडून अ‍ॅक्रिलिकच्याच चकत्या कापून घ्याव्यात.

एकीकडे दुकानात सुट्ट्यांऐवजी चॉकलेट हातावर ठेवतात, दुसरीकडे बँकेच्या तिजोरीत नाण्यांच्या थैल्या पडून राहतात. शिर्डीत २०२३ मध्ये साईबाबा संस्थानच्या नाण्यांसाठी काही बँकांकडे जागा उरली नव्हती. त्याच वर्षी फेब्रुवारीत रिझर्व्ह बँकेनं क्यूआर कोडवर चालणारी, खात्यातून पैसे वळते करून नाणी देणारी यंत्रं बारा शहरांत एकोणीस ठिकाणी प्रयोगादाखल बसवण्याचं जाहीर केलं. नाणं बँकेतून बाहेर येण्याची ही सोय झाली. लातूरच्या दुकानदाराला ते आत भरायचं असतं, आणि ते काम अजून बोटांनीच होतं. रुपया किंवा त्यावरच्या किमतीची नाणी एका व्यवहारात हजार रुपयांपर्यंत आणि पन्नास पैसे दहा रुपयांपर्यंत कायदेशीर चलन धरली जातात. बँकेनं त्याहून जास्त घेऊ नयेत असा मात्र नियम नाही.

म्हणून यंत्राला शेवटी एक जादा डबा हवाच, संशयाचा. कॅमेऱ्याला आकडा नीट दिसला नाही, नाणं वाकलेलं निघालं, तांबं-निकेलचे अकरा कोनी दोन रुपये आले, हुजूर साहिबला आलेल्या एखाद्या प्रवाशाकडून परदेशी नाणं आलं, तर ते तिथं जावं. हा डबा रोज थोडा भरत असेल तर यंत्र ठीक चाललं आहे. तो कायम रिकामा राहू लागला, तर कॅमेरा उगाच खात्री देऊ लागला असं समजून त्याची सेटिंग तपासावी. पन्नास पैशांबद्दल जास्त सावध राहावं. ते बावीसच्या खिडकीत रुपयाबरोबरच पडतात, आणि रुपयांच्या शंभराच्या पिशवीत एखादं शिरलं तरी काटा ३७९ ग्रॅमच दाखवतो. ती पिशवी बांधण्याआधी त्यातली नाणी ताटात पसरून एकदा डोळ्यांखालून घालावी लागतात.